काजूच्या टरफलांतील दाहक तेल

गणपतीपुळ्याच्या भोंवतालीं कातळउतारावर ज्यांचीं काजूचीं झाडें आहेत, त्यांस फाल्गुन-चैत्रांत बी सोलणाऱ्या बायकांच्या हातांची दशा ठाऊकच असेल. बोटें काळीं पडतात, कातडी सोलून निघते, एखादीच्या तोंडावरहि सूज येते. काजू उतला असें म्हणून आपण तो तिच्या प्रकृतीचा दोष मानतों व पुन्हां सोलणीस बसवितों. वस्तुतः यांत प्रकृतीपेक्षां रसायनाचा भाग मोठा आहे. त्याचा परिचय करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

बियेची बाहेरची चिवट साल व आंतलें कठीण कवच यांच्या मध्यें मधाच्या पोळ्यासारखी जाळी असून तींत तांबूस-काळें तेल भरलेलें असतें. न तापवितां काढलेल्या या तेलांत सुमारें दोनतृतीयांश अनाकार्डिक अम्ल व पांचवा-सहावा हिस्सा कार्डोल असतें. यांपैकीं पहिलें स्टेडेलर या जर्मन रसायनज्ञानें १८४७ सालीं वेगळें केलें. दोन्ही द्रव्यांच्या रेणूला पंधरा कार्बन-अणूंची लांब शेपटी असल्यामुळें तीं पाण्यांत विरघळत नाहींत. कातडीच्या स्निग्धांशांत मात्र सहज शिरतात. झाडानें गराभोंवतीं घातलेलें हें कुंपणच होय.

काजू, बिब्बा व आंबा हे एकाच कुळांतले. परीट ज्या बिब्ब्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत, त्यांतील भिलावनोल हें कार्डोलचें भावंड, आणि आंब्याच्या चिकांतहि त्याच जातीचें द्रव्य आहे. म्हणून ज्यास बिब्बा उततो त्यानें काजूपासूनहि जपावें.

हें तेल दोन प्रकारें बाधतें. एक तर तें प्रत्यक्ष भाजतें. दुसरें असें कीं, एकदां बाधलेलें शरीर त्यास ओळखून ठेवतें, व पुढें थोडक्या स्पर्शानेंहि एकदोन दिवसांनीं खाज व फोड उठतात. तेव्हां संवयीनें हात निबर होतात, या समजुतीवर विसंबणें बरें नव्हे.

भाजल्यानें अनाकार्डिक अम्लांतील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कार्डानोल बनतें. तें कमी दाहक आहे. कार्डोल मात्र पुष्कळसें तसेंच राहतें. वाफ दिल्यानें तर टरफल केवळ मऊ होतें, तेल आंतच असतें. वाफवलेली बी निर्धास्तपणें हाताळूं नये. १९८२ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत मोझांबिकहून आलेले काजूगर खाऊन ५४ माणसांच्या अंगावर पुरळ उठलें. पिशव्यांत टरफलाचे तुकडे सांपडले. यात्रेकरूंस गर विकणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

सोलणीपूर्वीं हातांस खोबरेल किंवा एरंडेल चोळावें. जाड हातमोजे दिल्यास उत्तम, मात्र आंतून तेलकट झालेले मोजे पुन्हां घालूं नयेत. चीक लागतांच फडक्यानें टिपून, खोबरेलानें पुसून, मग साबणानें धुवावें. नुसतें पाणी उपयोगी पडत नाहीं. त्याच हातानें डोळे चोळूं नयेत. ओले काजूगर काढतांना तर विशेषच जपावें. डोळे सुजले वा श्वास कोंडला तर वैद्यकीय मदतीस विलंब लावूं नये. हा खर्च मालकानें सोसावा. मजुरींतून कापूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

टरफलें चुलींत घालण्याची चाल मात्र अजिबात सोडावी. त्यांच्या धुरानें डोळे व घसा जळतो, आणि ज्या तेलापासून गाड्यांच्या ब्रेकांचें अस्तर व रंग बनतात तें फुकट जातें. टरफलें घरापासून दूर, कोरड्या जागीं सांठवून तेल काढणाऱ्या कारखान्यास विकावीं.