पोत्यावरील आकडा आणि पोत्यातील द्रव्य

हेक्टरी १०० किलो नत्र द्यावे, अशी शिफारस ऐकून शेतकऱ्याने १०० किलो युरिया टाकला, तर पिकास त्यातून ४६ किलोच नत्र मिळते. नत्र व युरिया ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, हा समज या चुकीच्या मुळाशी असतो. नत्र हे मूलद्रव्य आहे. युरिया हे संयुग आहे.

ज्या द्रव्यातील सर्व अणू एकाच जातीचे असतात, त्यास मूलद्रव्य म्हणतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह, जस्त ही अशी मूलद्रव्ये होत. दोन किंवा अधिक अणू एकमेकांस जखडले गेले म्हणजे रेणू बनतो. हवेतील नत्राच्या रेणूत नत्राचेच दोन अणू असतात. युरियाच्या रेणूत मात्र कर्बाचा एक, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन व हायड्रोजनचे चार, असे आठ अणू असतात. म्हणजे मूलद्रव्य हा शब्द अणूची जात सांगतो, तर रेणू हा शब्द अणूंची बांधणी.

पिकास ही बांधणी फार महत्त्वाची आहे. शेतावरील हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, तरीही नत्रावाचून ज्वारी पिवळी पडते! हवेतील रेणूत नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की, वनस्पतीस ते सोडविता येत नाहीत. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हे काम करतात. कारखान्यात त्यासाठी मोठी उष्णता व दाब लागतो. असा पहिला मोठा कारखाना जर्मनीत ओपाऊ येथे १९१३ साली सुरू झाला. भारतात सिंद्री येथे १९५१ साली अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले.

४६ हा आकडा कोठून येतो, हे अणुभारांवरून कळते. युरियाच्या रेणूत कर्बाचे १२, प्राणवायूचे १६, नत्राचे २८ व हायड्रोजनचे ४, असे एकूण ६० भाग वजन असते. साठात अठ्ठावीस म्हणजे शेकडा ४६ हून किंचित अधिक. ४५ किलोच्या पोत्यात त्यामुळे २०.७ किलो नत्र असते, आणि १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. अमोनियम सल्फेटमध्ये नत्र शेकडा २०.६ च असल्याने तेच नत्र देण्यास सुमारे ४८५ किलो खत हवे. एका खताऐवजी दुसरे वजनास वजन देऊन चालत नाही, ते यामुळेच. (अमोनियम सल्फेट हा क्षार आहे, त्यात सुटे रेणू नसून विद्युत्‌भारित कण असतात. हिशेबास त्याने बाध येत नाही.)

युरियाचा रेणू जमिनीत पडल्यावर जिवाणूंनी निर्माण केलेल्या युरिएज या द्रव्यामुळे फुटतो व त्यातून अमोनिया निघतो. खत ओलसर जमिनीवर उघडे राहिल्यास हा अमोनिया हवेत उडून जातो, आणि विकत घेतलेले नत्र पिकाच्या हाती लागत नाही. म्हणून युरिया मातीआड करावा.

स्फुरद व पालाश यांचे आकडे जुन्या प्रथेप्रमाणे प्राणवायूशी संयोग पावलेल्या रूपात छापतात. १६ टक्क्यांच्या सुपरफॉस्फेटमध्ये स्फुरद हे मूलद्रव्य सुमारे ७ टक्केच असते. शिफारशीही सामान्यतः त्याच मापात असतात; परंतु एखाद्या तक्त्यात मूलद्रव्याचे आकडे हवे असल्यास पोत्यावरील स्फुरदाच्या आकड्यास ०.४४ ने व पालाशच्या आकड्यास ०.८३ ने गुणावे.