गावचे वाचनालय

मत देण्याचा हक्क आपल्या सर्वांना आहे. धन्याला एक मत, गड्यालाही एकच. पण मत द्यायचे ते काय पाहून? कोणी कानात सांगेल तेच खरे मानायचे का?

बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याचे पोर. १८७५ साली ते गादीवर आले, तेव्हा १२ वर्षांचे होते. तोवर त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे ते शिकले. १९०६ साली त्यांनी साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण वाचायला काही नसले की शिकलेले अक्षर पुसले जाते. म्हणून १९१० पासून त्यांनी गावोगावी वाचनालये काढली. लांबच्या गावांना पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या.

तेव्हा राज्य राजाचे होते. आता राज्य आपले आहे. मग आपल्याला वाचन किती हवे!

वाचनालयात वर्तमानपत्रे असतात. एकच बातमी दोन पत्रांत वाचावी, चौघांत बोलावी. माय-बहिणींनीही जावे. मग ग्रामसभेत उभे राहून विचारता येते : विहिरीसाठी पैसे किती आले? खर्च किती झाला? पावती कुठे आहे?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयाला सरकार अनुदान देते. आपल्या गावात वाचनालय नसेल, तर दहा जण मिळून काढू. असेल, तर रोज घटकाभर जाऊ.

अंगठा गेला, सही आली. आता सही करण्याआधी कागद वाचू.