माळ्याला वारा देताना

तंजावरजवळच्या तिरुवैयारुच्या अग्रहारातले आमचे घर मंगळुरी कौलांचे, आत मोकळे अंगण आणि कूडमवर, म्हणजे मधल्या दालनावर, फळ्यांचा माळा. तंजावरचे भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, पण इथली मराठी घरे राहिली आणि त्यांचे माळेही भरलेलेच राहिले: पितळी हंडे, जुनी पंचांगे, मोडीतले कागद. चित्तिरै महिन्यात (एप्रिल-मे) हा माळा भट्टीसारखा तापतो आणि ऐप्पसीच्या (ऑक्टोबर-नोव्हेंबर) पावसात ओल धरतो. त्याला वारा कसा द्यावा, याबद्दल अनुभवाने कळले ते सांगतो.

१. खालची वाट आधी मोकळी करा. छपराच्या माथ्याला भोक पाडायला सगळे उतावीळ असतात. गरम हवा वर चढते खरी, पण तिची जागा घ्यायला खालून हवा आलीच नाही तर ती बाहेर पडणार कशी? ही हवा वळचणीतून यायला हवी. आमच्याकडे वटवाघळांच्या भीतीने वाशांमधल्या फटी चुन्याने लिंपलेल्या होत्या. कोत्तनाराने, म्हणजे गवंड्याने, चुना फोडून तिथे जाळी ठोकली. आढ्याजवळच्या जुन्या झरोक्याखाली मी आधीही उदबत्ती धरली होती, नंतरही धरली. आधी धूर वासे धरून रेंगाळत होता; आता सरळ झरोक्याकडे ओढला गेला. कुठलीही खरेदी करण्याआधी ही परीक्षा जरूर करा.

२. माप धरा. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट उघडी जागा मागतात. साधारण निम्मी खाली आणि निम्मी वर असेल, तर ३०० चौरस फुटांना १ चौरस फूटही चालते. आपल्या उन्हात मी पहिलेच माप धरीन. मात्र जाळीच्या तारा आणि झडपांच्या पट्ट्या बरीच जागा खातात, म्हणून भोक मोठेच ठेवावे.

३. वाऱ्याच्या दिशा दोन आहेत. आडी महिन्यात (जुलै-ऑगस्ट) पालघाटच्या खिंडीतून येणारा पश्चिमेचा वारा कावेरीकाठी असा सुटतो की दारे आपटतात. ऐप्पसी-कार्तिकैत पाऊस ईशान्येकडून तिरपा येतो. त्रिकोणी भिंतींत समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर आडीत सुख, पण पूर्वेच्या खिडकीतून पुढे पाणी आत येते. तिला बाहेर झुकलेल्या पट्ट्यांची झडप हवीच. आढ्यावर बसणारी टोपीची कौले मिळत असतील, तर मी तीच घेईन. त्यांना वाऱ्याची दिशा बघावी लागत नाही आणि वारा पडलेल्या दुपारीही ती काम करतात.

४. दोन पद्धतींची मिसळ नको. आढ्यावर झरोका असताना शेजारी एक्झॉस्ट पंखा लावला, तर पंखा झरोक्यातलीच हवा ओढतो आणि वळचणीकडचा कोपरा तसाच कोंदट राहतो. खालच्या खोलीत एसी असेल तर फळ्यांच्या फटींतून तिथली गार हवाही वर जाते. वीजबिल दोनदा भरल्यासारखे होते.

५. वारा सगळे करत नाही. तापलेल्या कौलांची धग सरळ खाली उतरते. हवा कितीही फिरवली तरी ती थांबत नाही. कौलांवर पांढऱ्या चुन्याचा हात किंवा वाशांखाली चकचकीत पत्र्याचे अस्तर हवे. अस्तर आणि कौले यांत मात्र वळचणीपासून आढ्यापर्यंत हवा जाईल इतकी पोकळी सोडा.

६. स्वयंपाकघराचा धूर किंवा न्हाणीची वाफ माळ्यात सोडू नका. नळी छपराबाहेर न्या. ओलसर लाकडाला वाळवी लवकर लागते.

७. वीणा माळ्यावर ठेवू नका, वारा कितीही चांगला असो. तंजावरी वीणेचे २४ पडदे मेणात बसवलेले असतात. उन्हाळ्यात मेण मऊ पडले की पडदा कणभर सरकतो आणि सूर बिघडतो. मग मेण पुन्हा लावायला जाणकार माणूस शोधावा लागतो, आणि पुष्य बहुल पंचमीला संगीतकार त्यागराजांच्या आराधनेच्या सुमारास तर तो हाती लागणे कठीण. वीणा कूडमातल्या आतल्या भिंतीशी, उन्हापासून दूर ठेवावी. माळा हंड्यांना आणि पंचांगांना पुरे.