डोकेदुखी हटत नसेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या

डोकं सतत दुखू लागलं की बरेच जण आधी चष्म्याचं दुकान गाठतात. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, की डोळे ठीक आहेत असं समजून गोळ्यांवर महिने काढतात. बहुतेक डोकेदुखी अर्धशिशीची किंवा ताणाची असते, हे खरं. पण कवटीतला दाब वाढून डोकं दुखत असेल, तर शेवटची ओळ वाचता येत असतानाच नजर जायला लागलेली असू शकते.

हा दाब म्हणजे बीपी नव्हे आणि काचबिंदूतला डोळ्याचा दाबही नव्हे. कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी असं सगळं गच्च बसलेलं असतं. मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं. रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं आणि तितकंच रक्तात परत जातं. गाठ, रक्तस्राव, क्षयाचा मेंदूज्वर किंवा शिरेतली गुठळी यांमुळे हा मेळ बिघडला की दाब चढतो.

नजर कशी जाते?

मेंदूची आवरणं आणि त्यांतलं पाणी दृष्टीच्या नसेभोवती थेट डोळ्यापर्यंत पोचलेलं असतं. त्यामुळे वाढलेला दाब नसेला आवळतो आणि पडद्यावर दिसणारं तिचं टोक सुजतं. याला पॅपिलेडीमा म्हणतात. वाकून उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लगेच स्वच्छ दिसू लागतं. अशक्तपणा असेल म्हणून हे सोडून दिलं जातं. पुढे कडेची नजर कमी होत जाते. चालताना दाराची चौकट लागते, बाजूने येणारी गाडी दिसत नाही. मधली नजर बहुधा शेवटी जाते, म्हणून तक्ता फसवतो.

एकाचे दोन का दिसतात?

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. त्यांतली सहावी डोळा कानाच्या बाजूला वळवते. ती कवटीच्या तळाच्या हाडावरून वर चढते, हाडाच्या कडेवर वळते आणि तिथे अरुंद वाटेत जखडलेली असते. दाबाने मेंदू जरासा खाली सरकला तरी ती ताणली जाते. मग दूरची वस्तू शेजारी शेजारी दोन दिसते आणि एक डोळा झाकला की एकच. मधुमेहामुळेही ही नस दुबळी होते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. लहान मूल दोन दिसतात असं सांगत नाही. ते मान वळवून बघतं किंवा नव्याने तिरळं दिसू लागतं. त्याबरोबर सकाळी उलट्या होत असतील, तर ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबू नका.

तिसऱ्या नसेचा प्रश्न तासांचा नसतो, मिनिटांचा असतो. डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यावर सरकलेला मेंदू या नसेवर दाबतो. एका डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेडातही लहान होत नाही, पापणी खाली येते आणि माणूस गुंगीत जातो. अशा वेळी मोठ्या रुग्णालयातच न्या.

कोणी विशेष जपावं?

बाळंतिणीने. पहिल्या सहा आठवड्यांत मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. तसं करू नका. तिची तीव्र डोकेदुखी जागरणाच्या खाती टाकू नका.

वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत गाठ किंवा गुठळी नसतानाही हा दाब वाढतो. मुरमांसाठीच्या डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, आयसोट्रेटिनोइन या गोळ्या आणि जीवनसत्त्व ‘अ’चा अतिरेकही त्याला कारण ठरू शकतो. चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.

तपासणी आणि उपचार

नेत्रतज्ज्ञ थेंब घालून पडदा बघतात आणि कडेच्या नजरेचा आलेख काढतात. नस सुजलेली दिसली की बीपी लगेच मोजावं लागतं, कारण फार चढलेल्या बीपीनेही ती सुजते. मग मेंदूचा आणि शिरांचा एमआरआय होतो. त्यात धोका नसेल तर मणक्यातून पाणी काढून दाब मोजतात. मोठ्यांमध्ये तो पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीच्या वर गेला तर तो वाढलेला धरतात. पाणी काढलं की पाय लुळे पडतात, ही भीती मनातून काढा. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई घालतात.

उपचार कारणानुसार ठरतात. कारण न सापडलेल्या दाबात वजन उतरवणं आणि ॲसिटाझोलामाइड यांचा उपयोग होतो. नजर झपाट्याने घटत असेल तर शस्त्रक्रिया लागते. डोकं दुखायचं थांबलं म्हणून तपासण्या सोडू नका. वेदना गेल्यावरही नस सुजलेली असू शकते.

सकाळी किंवा आडवं पडल्यावर वाढणारी डोकेदुखी, क्षणभर येणारी अंधारी, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज, यांतलं काहीही जाणवलं तर याच आठवड्यात पडदा तपासून घ्या. अंधारी वारंवार येत असेल, नजर कमी होत असेल किंवा एकाचे दोन दिसू लागले असतील, तर त्याच दिवशी जा. सूज वेळेत उतरली तर नजर बहुधा वाचते. नसेचे मेलेले तंतू मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाहीत.