बँकेचा धर्मादाय निधी आणि गढ़्यातील रुग्णसाहित्य केंद्र

प्रश्न : जबलपूरच्या गढ़ा भागातील एका नोंदणीकृत संस्थेच्या सचिवांनी कळवले आहे की, त्यांची संस्था काही वर्षांपासून रुग्णसाहित्य केंद्र चालवते. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयातून उपचार घेऊन घरी परतणाऱ्या रुग्णांना पलंग, हवेची गादी, चाकांची खुर्ची, वॉकर अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन विनामूल्य वापरायला दिल्या जातात. मंडला व दिंडोरीकडून येणाऱ्या कुटुंबांची मागणी वाढली असून साहित्य अपुरे पडते. मदतीसाठी एका बँकेच्या शाखेत अर्ज केला असता ‘ट्रस्ट असेल तरच पैसे मिळतात’ असे सांगण्यात आले, तर पुण्यातील नातेवाइकांनी धर्मादाय आयुक्तांचे प्रमाणपत्र काढण्याचा सल्ला दिला. बँका अशा कामाला पैसे कोणत्या नियमाने देतात, कोणते कागद लागतात आणि केंद्र सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन त्यातून देता येते का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : सचिवांना मिळालेले दोन्ही सल्ले त्यांच्या संस्थेला लागू पडत नाहीत. मात्र त्याची कारणे पाहण्याआधी बँकेचा प्रकार ठरवणे आवश्यक आहे, कारण बँका बाहेरून सारख्या दिसत असल्या तरी त्यांच्या धर्मादाय खर्चाचे कायदे वेगवेगळे आहेत आणि एका बँकेसाठी तयार केलेला अर्ज दुसरीकडे बहुधा निरुपयोगी ठरतो.

खासगी बँका या कंपन्या असल्याने त्यांना कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 135 लागू होते. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये, उलाढाल 1000 कोटी रुपये किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागील तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘सीएसआर’च्या, कामांवर खर्च करावी, असे बंधन 1 एप्रिल 2014 पासून आहे. ही कामे अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत दिली असून आरोग्यसेवेचा त्यात स्पष्ट उल्लेख असल्याने रुग्णसाहित्य केंद्र या चौकटीत बसते.

राष्ट्रीयीकृत बँकांचे तसे नाही. बँक ऑफ महाराष्ट्र किंवा सेंट्रल बँक ऑफ इंडिया या बँका 1970 च्या बँकिंग कंपन्या संपादन अधिनियमाने आणि स्टेट बँक 1955 च्या स्वतंत्र अधिनियमाने अस्तित्वात असल्यामुळे कलम 135 चे 2 टक्क्यांचे बंधन त्यांच्यावर येत नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2005 मध्ये घातलेली मर्यादा अशी की, नफ्यातील बँकेने एका वर्षात आदल्या वर्षीच्या प्रसिद्ध नफ्याच्या 1 टक्क्यापर्यंत देणग्या द्याव्यात आणि तोट्यातील बँकेने 5 लाख रुपयांच्या पुढे जाऊ नये. येथे कमाल मर्यादा आहे, किमान सक्ती नाही. त्यामुळे किती आणि कोणाला द्यायचे हे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणावर अवलंबून राहते आणि ते धोरण मिळवून वाचणे हे अर्जदाराचे पहिले काम ठरते. स्टेट बँकेचा बालकल्याण निधी हे याच परंपरेतील एक जुने उदाहरण आहे: 1983 मध्ये न्यास म्हणून स्थापन झालेल्या या निधीत कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वर्गणीइतकीच रक्कम बँक घालते आणि अनाथ, निराधार व अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना त्यातून अनुदान मिळते.

तिसरा प्रकार सहकारी बँकांचा असून महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा ‘धर्मादाय निधी’ हा शब्द त्यांच्या अहवालातील नफा वाटणीच्या तक्त्यात आढळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 69 नुसार राखीव निधी व शिक्षण निधीची तरतूद केल्यानंतर संस्थेला निव्वळ नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवून ती संघीय संस्थेच्या मान्यतेने सहकारी, धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी देता येते. सारस्वत किंवा कॉसमॉस यांसारख्या बहुराज्य बँकांना मात्र 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 63 खाली ही मर्यादा 5 टक्के आहे. दोन्ही कायदे ‘धर्मादाय हेतू’ या संज्ञेसाठी 1890 च्या धर्मादाय देणगी अधिनियमाच्या कलम 2 कडे बोट दाखवतात. त्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची अन्य कामे येतात, पण केवळ धार्मिक शिकवण किंवा पूजाअर्चा येत नाही. शिवाय ज्या न्यासात बँकेच्या संचालकांचे किंवा त्यांच्या नातेवाइकांचे पद वा हितसंबंध आहेत, त्याला नागरी सहकारी बँकेने देणगी देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, ही अतिशय योग्य तरतूद आहे.

आता कागदपत्रांविषयी. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय चालते. पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला त्या व्यवस्थेतून आला आहे आणि ती मध्य प्रदेशात नाही. तेथे सार्वजनिक न्यासांचे निबंधक म्हणून 1951 च्या अधिनियमानुसार जिल्हाधिकारी काम पाहतात, तर संस्थांची नोंदणी मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली फर्म व संस्था निबंधकांकडे होते. सीएसआरच्या नियमांत कलम 8 खालील कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आणि नोंदणीकृत संस्था असे तिन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले असल्याने संस्था म्हणून असलेली नोंदणी या नियमांपुरती पूर्णपणे ग्राह्य आहे. शाखेने दिलेले कारण टिकणारे नाही.

खरी अडचण बहुतेक ठिकाणी वेगळी असते. नोंदणी झाल्यावर दरवर्षी कार्यकारिणीची यादी कलम 27 खाली आणि लेखापरीक्षित हिशेब कलम 28 खाली निबंधकांकडे सादर करावे लागतात. जबलपूरच्या कार्यालयीन बोलीत ‘धारा 27-28’ म्हणून ओळखले जाणारे हे काम अनेक प्रामाणिक संस्थांकडून मागे पडते आणि बँकेच्या छाननीत नेमके तेच प्रथम उघडे पडते. त्यापुढे प्राप्तिकर खात्याची 12 अ खालील नोंदणी व 80 जी खालील मान्यता, समान कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-1’ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक लागतो. 1 एप्रिल 2021 पासून या क्रमांकाशिवाय कोणतीही कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचा खर्च करू शकत नाही. 1 एप्रिल 2026 पासून अंमल असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, 2025 मध्ये कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने जुनी प्रमाणपत्रे जोडताना सनदी लेखापालांकडून त्यांची मुदत तपासून घ्यावी.

मानधनाच्या प्रश्नावर सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण एका नियमाच्या चुकीच्या वाचनाने लहान संस्थांचे मोठे नुकसान होते. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे सीएसआर नियमांत म्हटले आहे. परंतु ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाची असून ती कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजली जाते. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च प्रशासकीय खर्चात मोडत नाही, असे व्याख्येतच स्पष्ट केले आहे. रुग्णसाहित्य केंद्रात पलंग पोहोचवणारा, परत आलेली गादी निर्जंतुक करणारा, नोंदवही ठेवणारा कार्यकर्ता हा प्रकल्पाचाच भाग असतो. त्याच्याशिवाय घेतलेल्या खुर्च्या वर्षभरात कुठे गेल्या हे सांगता येत नाही. म्हणून अंदाजपत्रकात त्याचे मानधन संकोच न करता, प्रकल्पाचा खर्च म्हणून, कामाच्या वर्णनासह स्वतंत्र ओळीत दाखवावे. एखादी बँक स्वतःच्या धोरणानुसार मानधन नाकारू शकते, मात्र कायद्याने ते वर्ज्य असल्याचे कोणी सांगितल्यास ते मान्य करण्याचे कारण नाही.

अंदाजपत्रकात ‘साहित्य खरेदी’ अशी एकच मोघम रक्कम न लिहिता प्रत्येक वस्तूची संख्या, दरपत्रक आणि मागील वर्षी ती वस्तू किती रुग्णांना नाकारावी लागली याची नोंद द्यावी, कारण नाकारलेल्या मागणीची नोंदवही हा गरजेचा सर्वांत बोलका पुरावा असतो. रुग्णांकडून घेतलेली अनामत ही संस्थेचे उत्पन्न नसून परत करावयाचे देणे आहे. ताळेबंदात ती दायित्वाच्या बाजूला दिसली नाही, तर परीक्षकाला उत्पन्न फुगवल्याची शंका येते. सीएसआर निधीतून घेतलेल्या वस्तूंची मालकी बँकेकडे राहू शकत नाही, ती संस्थेकडे, लाभार्थ्यांकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडेच असावी लागते; त्यामुळे साठा नोंदवहीत प्रत्येक पलंगाला क्रमांक देणे संस्थेच्याच हिताचे आहे. रक्कम खर्च झाल्यावर सनदी लेखापालांचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, कारण निधी ठरलेल्या कामावरच वापरला गेल्याचे प्रमाणन कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यालाही करावे लागते.

अर्ज शाखेत देता येतो, पण निर्णय तेथे होत नाही. तो विभागीय कार्यालयातून मुख्यालयातील सीएसआर विभागाकडे जातो, आणि स्टेट बँकेच्या बाबतीत जबलपूर हे भोपाळ मंडळाच्या कक्षेत येते. कंपनी जेथे व्यवसाय करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कलम 135 सांगत असल्याने, गढ़ा परिसरातील बँकेच्या शाखांचा उल्लेख अर्जात असावा. मार्चअखेर धावपळ करण्यापेक्षा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच प्रस्ताव देणे चांगले.

प्रश्न : गढ़्यातीलच एका सेवानिवृत्त शिक्षिकांची शंका आहे की, बँका दान करतात ते ठेवीदारांच्या पैशांतून, मग ठेवीदारांची संमती का घेतली जात नाही?

उत्तर : देणगी नफ्यातून दिली जाते, ठेवींतून नाही. दावा न केलेल्या ठेवीही धर्मादाय कामाला जात नाहीत. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या रकमा रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात आणि ठेवीदाराचा हक्क त्यानंतरही कायम राहतो. इटलीत 1990 च्या कायद्याने बचत बँकांचा व्यवसाय कंपन्यांकडे सोपवून मूळ संस्थांचे रूपांतर प्रतिष्ठानांत केले आणि ती प्रतिष्ठाने भांडवलावरील उत्पन्नातून समाजकार्याला मदत करतात. भारतात अशी सर्वसाधारण रचना नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडपावर फलक लावून एका बँकेने दिलेली रक्कम सीएसआरची मानावी का आणि तिची 80 जी पावती द्यावी का, असे एका मंडळाच्या खजिनदारांनी विचारले आहे.

उत्तर : उत्पादनाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या व्याख्येतून वगळलेले आहे, म्हणून ही रक्कम बँकेच्या जाहिरात खर्चात जाते. मंडळाने ती जाहिरातीचे उत्पन्न म्हणून दाखवावी आणि तिच्यावर 80 जी पावती देऊ नये. मंडळाला 80 जी मान्यता असल्यास वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून अधिक रक्कम धार्मिक स्वरूपाच्या खर्चावर जाणार नाही, याकडे खजिनदारांनी स्वतंत्रपणे लक्ष द्यावे, आणि उत्सवाचा व समाजकार्याचा हिशेब दोन वेगळ्या खात्यांत ठेवावा.