जमैकाची ब्ल्यू माउंटन कॉफी आणि डोंगरावर येणारा पाहुणा

कॅरिबियन समुद्रातील जमैका हे बेट आपल्याकडील अनेकांना क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९७१ साली दिलीप सरदेसाई यांनी किंग्स्टनच्या सबिना पार्क मैदानावर २१२ धावा काढल्या, तेव्हापासून हे गाव मराठी घरांत परिचयाचे झाले. या किंग्स्टन शहराच्या पाठीशी निळसर धुक्यात बुडालेली एक डोंगररांग उभी आहे. तिचे नाव ब्ल्यू माउंटन. तिचे सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून २,२५६ मीटर उंच असून तिच्या उतारांवर जगातील अत्यंत महागड्या कॉफीपैकी एक कॉफी पिकते.

सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचे हे बेट आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. मात्र दरवर्षी लाखो परदेशी प्रवासी तेथे येतात व देशाचा मोठा भाग त्यांच्यावर चरितार्थ चालवतो. एकीकडे नावाजलेले पीक आणि दुसरीकडे खिशात पैसा असलेला पाहुणा! हे दोन्ही एकाच बेटावर असताना कॉफी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहण्याजोगे आहे.

नावाची हद्द

जमैकात कॉफी आली ती १७२८ साली. माजी गव्हर्नर सर निकोलस लॉझ यांनी ती मार्टिनिक बेटावरून आणली. पुढे गुलामांच्या श्रमावर मोठमोठे मळे उभे राहिले आणि १८१४ साली निर्यात सुमारे ३ कोटी ४० लाख पौंडांवर पोचली. पण तीव्र उतारावरील जंगल तोडून, बांधबंदिस्ती न करता केलेली ही लागवड होती. वरचा सकस थर पावसाबरोबर वाहून गेला. १८३८ साली गुलामगिरी पूर्णपणे संपल्यावर बरेच मळे ओस पडले आणि मुक्त झालेल्या अनेक कुटुंबांनी डोंगरात लहान तुकड्यांवर शेती सुरू केली. आजही तेथे एक-दोन एकरांचे कॉफी उत्पादक मोठ्या संख्येने आहेत.

१९४० नंतरच्या दशकात मालाचा दर्जा इतका घसरला, की कॅनडातील खरेदीदारांनी पाठ फिरवली. त्यानंतर १९४८ साली कायदा झाला व कॉफी मंडळ आले. (२०१८ पासून हे काम शेतमालाच्या नव्या नियामक संस्थेकडे आहे.) कायद्याने ब्ल्यू माउंटन या नावाची हद्द आखून दिली. सेंट अँड्र्यू, सेंट थॉमस, पोर्टलंड आणि सेंट मेरी या चार परगण्यांतील ठरावीक क्षेत्र, तेही साधारण ३,००० ते ५,५०० फूट उंचीवरचे, एवढ्याच कॉफीला हे नाव लावता येते. हद्दीखालच्या शेतात झाडाची जात तीच असली तरी माल वेगळ्या नावाने व कमी भावाने विकला जातो. आपल्या कोकणातील हापूसच्या पेट्यांत परप्रांतीय आंबा मिसळल्याची तक्रार दर उन्हाळ्यात होते. ज्यांनी ती ऐकली आहे, त्यांना या हद्दीचे मोल वेगळे सांगायला नको.

फळापासून पिंपापर्यंत

लागवड मुख्यत्वे अरेबिका कॉफीच्या टिपिका या जुन्या जातीची आहे. ती चवीला उत्तम, मात्र उत्पादनाला कमी व रोगाला लवकर बळी पडणारी आहे. थंड हवा आणि दिवसाचा बराच काळ असलेले ढगांचे आच्छादन यामुळे फळ सावकाश पिकते व बी टणक भरते. सर्व फळे एकाच वेळी पिकत नसल्याने, लाल झालेली तेवढीच हाताने वेचत एकाच झाडाभोवती अनेक फेऱ्या कराव्या लागतात. निसरड्या उतारावर कमरेला टोपली बांधून हे काम करणे सोपे नाही, आणि मजुरीचा सर्वांत मोठा खर्चही येथेच होतो.

तोडलेल्या फळांचा गर शक्यतो त्याच दिवशी यंत्रावर काढतात. नंतर बी आंबवून, धुऊन, वाळवून काही आठवडे मुरत ठेवतात. पुढे आकारानुसार प्रतवारी होते. दोषयुक्त दाणे हाताने निवडून काढतात व प्रत्येक खेपेची चव तपासली जाते. निर्यात तागाच्या गोणीऐवजी लाकडी पिंपातून होते. मोठ्या पिंपात ७० किलो कॉफी बसते.

पाहुणा उतरतो कोठे?

खरी अडचण येथे आहे. प्रवासी येतात ते वाळू आणि समुद्रासाठी. माँटेगो बे, नेग्रिल, ओचो रिओस ही त्यांची ठिकाणे बेटाच्या उत्तर व पश्चिम किनाऱ्यावर आहेत, तर कॉफीचे डोंगर पूर्वेला. राहणे, जेवण, पेय सर्व एकाच रकमेत देणाऱ्या हॉटेलातील पाहुणा आवाराबाहेर फारसा पडत नाही. कॉफीचा पुडा तो विमानतळावरील दुकानातून घेतो. किंग्स्टनहून न्यूकॅसल व हॉलीवेलकडे चढणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा आहे आणि मोठ्या पावसात त्यावर दरडी कोसळतात.

तरीही चित्र हळूहळू बदलत आहे. एका जपानी कॉफी कंपनीने १९८१ साली घेतलेल्या क्रेटन मळ्यात प्रवाशांना बाग दाखवून कॉफी पाजतात. मॅव्हिस बँक येथे कारखाना पाहता येतो. २०१५ साली ब्ल्यू आणि जॉन क्रो पर्वतांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. २०१८ पासून न्यूकॅसल येथे पर्यटन खात्याच्या पुढाकाराने कॉफी महोत्सव सुरू झाला, त्यात लहान उत्पादकांनाही मांडणी करता येते.

पेटीचा हिशेब

लहान शेतकरी आपली फळे ६० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २७ किलोच्या पेटीच्या मापाने कारखान्याला विकतो. अरेबिकाचा ढोबळ हिशेब असा, की ६ किलो फळांपासून १ किलो कच्ची कॉफी मिळते. म्हणजे एका पेटीतून साडेचार किलो. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटते, तेव्हा उरते पावणेचार किलोच्या आसपास. एका कपाला १० ग्रॅम पूड धरली, तर एका पेटीतून साडेतीनशेहून अधिक कप होतात. डोंगरावर बसून पाहुणा एका कपासाठी जे मोजतो, त्याला या आकड्याने गुणून पाहावे आणि मग पेटीचा भाव शेजारी ठेवावा.

शिवाय पेटीचा भाव शेतकऱ्याच्या हाती नाही. अनेक वर्षे ८० टक्क्यांच्या आसपास माल एकट्या जपानला जात असे. २००८ च्या जागतिक मंदीत तेथील मागणी आटली आणि घरोघरी चिंता पसरली. पुढे २०१५-१६ च्या सुमारास भाव पेटीला १० हजार जमैकन डॉलरच्या वर गेला. तो पाहून लोकांनी खते घातली, नवी लागवड केली. दोन-तीन वर्षांतच भाव निम्म्याहून खाली आला आणि कित्येकांनी बागेकडे पाहणे सोडले. सोडलेल्या बागेत तांबेरा आणि फळ पोखरणारा भुंगेरा यांचे फावते व शेजारच्या चांगल्या बागेलाही उपद्रव होतो.

म्हणून स्वतः भाजून, पुडा बांधून, आलेल्या पाहुण्याला कप पाजणारा शेतकरी फायद्यात राहतो, असे माझे मत आहे. पण हे प्रत्येकाला जमणारे नाही. ब्ल्यू माउंटन हे नाव पुड्यावर छापण्यास परवाना लागतो. पल्पर, भाजणी यंत्र, स्वच्छतागृह, गाडी उभी करण्याची जागा यांसाठी भांडवल हवे. दोन एकरवाल्याने एकट्याने हे करण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून एक भाजणी यंत्र घ्यावे व एकाच्या अंगणात पाहुणे उतरवावेत, हे अधिक व्यवहार्य वाटते. आपल्याकडे चिखलदऱ्याला कॉफीही आहे आणि थंड हवेसाठी येणारे प्रवासीही आहेत, तेथे हाच हिशेब मांडून पाहता येईल.

या साऱ्यावर टांगती तलवार आहे ती चक्रीवादळांची. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ, आणि नेमकी तेव्हाच फळे झाडावर असतात. १९८८ च्या गिल्बर्ट वादळाने बागा झोडपल्या, २००४ साली आयव्हन आले, जुलै २०२४ मध्ये बेरिल आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा. मेलिसाचा मुख्य तडाखा पश्चिमेला बसला, तरी पूर्वेकडील कॉफीही वाचली नाही. अशा वेळी कललेली झाडे आधार देऊन उभी करणे, मोडलेल्या फांद्या छाटणे आणि उघड्या पडलेल्या मुळांना माती लावणे ही कामे पहिल्या काही आठवड्यांतच उरकावी लागतात. मुळासकट गेलेल्या झाडाच्या जागी रोप लावले, तर पहिले पीक यायला तीन ते चार वर्षे लागतात. या मधल्या काळात केळी आणि भाजीपाला घर चालवतो, आणि ज्याच्या अंगणापर्यंतचा रस्ता दरडीतून मोकळा झाला आहे, त्याला पाहुण्यांचे चार पैसे मिळतात.