परक्या सरकारने मतदारावर डाव टाकला तर?

प्रश्न : २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केली, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला का झाला नाही?

उत्तर : कायदा आहे, पण त्याची पकड सैल आहे. निकाराग्वा खटल्यात हेगच्या न्यायालयाने १९८६ साली निकष घालून दिला : देशाने स्वतः ठरवायच्या बाबींत, उदाहरणार्थ राजकीय व्यवस्थेच्या निवडीत, जबरदस्ती झाली तरच तो बेकायदा हस्तक्षेप. मतमोजणीची यंत्रणा बिघडवणे यात सहज बसते. इथला प्रकार वेगळा होता. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना पासवर्ड बदलण्याची सूचना देणारा बनावट मेल आला, गूगलच्या नावाने. त्यातून चोरलेला पत्रव्यवहार ऑक्टोबरात विकिलीक्सवर झळकला. यात जबरदस्ती कुठे, यावर विधिज्ञांचे एकमत नाही. माझ्या मते, छुप्या मार्गाने मतदाराचा कौल वळवू पाहणे हीही जबरदस्तीच मानली पाहिजे.

शिवाय दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय हे न्यायालय खटला चालवू शकत नाही. म्हणून अमेरिकेने आपलेच उपाय योजले : डिसेंबर २०१६ मध्ये ३५ रशियन अधिकाऱ्यांची हकालपट्टी, जुलै २०१८ मध्ये १२ लष्करी हेरांवर आरोपपत्र.